धावल्याने हाड घट्ट होतं, मग भरतीच्या पोरांची नडगी का दुखते?

पोलीस भरतीची जाहिरात आली की सातारा-सांगलीकडची मैदानं पहाटे पाचलाच भरायला लागतात. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर बारा महिने हेच चाललेलं असतं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. कालपर्यंत आठवड्यातून दोनदा पळणारा पोरगा जाहिरात आल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ पळतो, आणि तीन-चार आठवडे झाले की नडगी धरून बसतो. घरचे तेल लावायला सांगतात. सोबतची पोरं म्हणतात, पळत राहा, मोकळं होईल. एक्स-रे काढावा तर त्यात काही दिसत नाही.

व्यायामाने हाड मजबूत होतं, हे खरं आहे. व्यायाम एकदम वाढवला की काही आठवडे तेच हाड आधीपेक्षा कच्चं असतं, हेही खरं आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात हे समजायचं तर हाडातल्या पेशीला भार कळतो कसा आणि कळल्यावर ती करते काय, इथून सुरुवात करावी लागते. पेशीवर ओढ, दाब किंवा घासत जाणारा प्रवाह आला की तिच्या आत रासायनिक घडामोडींची रांग लागते. शास्त्रात याला यांत्रिक संदेशवहन म्हणतात. पुढे आपण साधं ‘निरोप’ म्हणू.

## पेशी आतून ताणलेली असते

शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पेशी म्हणजे पातळ आवरण, आत पाणी आणि मधोमध केंद्रक. हे चित्र चूक नाही, अपुरं आहे. एका मिलिमीटरमध्ये ५० ते १०० मावतील एवढ्याशा या पेशीच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रोटीनच्या धाग्यांचं दाट जाळं असतं. स्नायू आकसवणारं मायोसिन इथेही असतं आणि ते हे धागे सतत ओढून धरतं. धाग्यांची बाहेरची टोकं इंटेग्रिन नावाच्या खुंट्यांना बांधलेली असतात. या खुंट्या आवरणातून आरपार जाऊन बाहेरच्या कोलॅजन या चिवट प्रोटीनमध्ये रुतलेल्या असतात. आतल्या बाजूला तेच धागे थेट केंद्रकाच्या आवरणापर्यंत जातात.

मिरजेत सतार तयार करणाऱ्याला हे निराळं सांगावं लागणार नाही. खुंटी पिळून तार चढवल्याशिवाय ती बोलत नाही. सैल तारेला कितीही छेडा, ती जागच्या जागी लोळते. चढवलेल्या तारेला एका टोकाला बोट लागलं की दुसऱ्या टोकाच्या घोडीला ते तत्काळ कळतं. पेशीतले धागे असेच आधीपासून चढवून ठेवलेले असतात, म्हणून आवरणाला बसलेला हलका झटकाही आत खोलवर पोचतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे घड्याळ लावून मोजलं गेलं. पेशीला बाहेरून यांत्रिक झटका दिला, तर आतलं एक संदेशवाहक प्रोटीन ०.३ सेकंदाच्या आत जागं झालं. तेच प्रोटीन वाढीचं रसायन घालून जागं करायला १२ सेकंदांच्या आसपास लागले. धाग्यांची ओढ औषधाने सैल केली की हा झटपट निरोप पोचेनासा होतो.

## भार कळतो म्हणजे नक्की काय होतं?

वाटा अनेक आहेत, त्यातल्या तीन लक्षात ठेवल्या तरी पुरे.

सगळ्यात झटपट वाट आवरणातल्या पायझो-१ आणि पायझो-२ या वाहिन्यांची, म्हणजे उघडझाप होणाऱ्या बारीक भोकांची. यांचा शोध २०१० साली अमेरिकेत आर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत लागला. त्यांच्याकडे अशा पेशी होत्या ज्यांना बारीक काचेच्या नळीने टोचलं की विजेचा छोटा प्रवाह उमटायचा. या संवेदनेमागे कोणता जनुक असावा याचे ७२ उमेदवार काढले आणि एकेक बंद करून पाहिला. ७१ बंद करून झाले तरी पेशी टोचणीला उत्तर देतच होती. शेवटचा बंद केला आणि ती गप्प झाली. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पटापूटियन यांना डेव्हिड ज्यूलियस यांच्याबरोबर मिळालं. ज्यूलियस यांनी मिरचीचा तिखटपणा नसांना ‘गरम’ म्हणून का कळतो, याचं मूळ शोधलं होतं.

पायझो-१ ला तीन वाकडी पाती असतात आणि त्यांच्या बाकामुळे आवरणात एक खोलगट वाटी तयार होते. आवरण ताणलं गेलं की वाटी सपाट होते आणि मधलं भोक उघडतं. पेशीच्या बाहेर मोकळं कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त असतं, त्यामुळे भोक उघडलं रे उघडलं की ते आत घुसतं. आतली बरीच प्रोटीनं कॅल्शियम वाढण्याचीच वाट पाहत असतात. पण पुढच्या सगळ्या गोष्टीचा कणा असलेली एक बाब इथेच सांगून ठेवतो: ताण तसाच राहिला तरी ही वाहिनी काही मिलिसेकंदांत आपोआप मिटते. तिला ताण कळतो, पण टिकून राहिलेला ताण कळत नाही. कळतो तो बदल.

दुसरी वाट खुंट्यांची. इंटेग्रिन आणि ॲक्टिन यांच्यामध्ये टॅलिन नावाचं प्रोटीन गुंडाळी होऊन बसलेलं असतं. सुमारे ५ पिकोन्यूटन ओढ बसली की त्याची एक गुंडाळी उलगडते. ५ पिकोन्यूटन म्हणजे एक ग्रॅम वजनाचा सुमारे दोनशे कोटीवा भाग. गुंडाळी उलगडली की आत झाकलेली जागा उघडी पडते, तिथे दुसरी प्रोटीनं येऊन चिकटतात, खुंटी आणखी पक्की रोवली जाते आणि पुढच्या साखळ्या सुरू होतात. हे काम सेकंदांपासून मिनिटांत होतं.

तिसरी वाट संथ आहे, पण परिणाम सगळ्यात टिकाऊ. याप नावाचं प्रोटीन पेशी मऊ पृष्ठभागावर असली की केंद्रकाबाहेर राहतं आणि कडक पृष्ठभागावर ताणून पसरली की केंद्रकात शिरून जनुकं चालू करतं. हा संबंध २०११ साली इटलीत पादुआ इथल्या संशोधकांनी दाखवला. त्याआधी २००६ साली पेनसिल्व्हेनियात एक प्रयोग झाला होता. एकाच प्रकारच्या मूळपेशी (पुढे काय व्हायचं हे अजून न ठरलेल्या पेशी), एकच खाद्य, फक्त खालचा जेल वेगवेगळा. ०.१ ते १ किलोपास्कल कडकपणाच्या, म्हणजे मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या फांद्या काढू लागल्या, ८ ते १७ किलोपास्कलवर स्नायूपेशींच्या वाटेने गेल्या, आणि २५ ते ४० वर हाडाच्या पेशींची लक्षणं दाखवू लागल्या. काय व्हायचं हे पेशीने पायाखालच्या जमिनीवरून ठरवलं. ही वाट तासांची आणि दिवसांची.

## हाडात हा निरोप घेतं कोण?

हाड म्हणजे दगड, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात माणसाच्या सांगाड्यात सुमारे ४२०० कोटी ऑस्टिओसाइट पेशी जिवंत गाडलेल्या असतात. हाडातल्या पेशींपैकी ९० टक्क्यांहून जास्त याच. प्रत्येक पेशीला डझनांनी बारीक हात असतात. हे हात एक मायक्रोमीटरहूनही अरुंद बोगद्यांतून शेजारणीपर्यंत पोचलेले असतात. बोगद्यात हाताभोवती पातळ द्रव असतो.

आता एक अडचण येते, आणि संशोधकही बरीच वर्षं तिच्याशी झटत होते. जोरात पळताना, अगदी यवतेश्वरच्या घाटात वर-खाली पळताना ताणतो तसा पाय ताणला, तरी नडगीचं हाड ०.२ टक्क्यांच्या आतच ताणलं जातं. पण हाडाच्या पेशी बाहेर काढून बशीत ताणल्या, तर एक टक्का किंवा त्याहून जास्त ताणल्याशिवाय त्या फारसं उत्तर देत नाहीत. अख्खं हाड तेवढं ताणलं तर त्याला इजा होईल. मग हाडात राहून त्यांना कळतं कसं?

उत्तर त्या द्रवात आहे. पाऊल पडलं की हाड किंचित वाकतं, दाबलेल्या बाजूचा द्रव ताणलेल्या बाजूकडे ढकलला जातो. पाऊल उचललं की परत येतो. अरुंद बोगद्यातून जाताना हा द्रव पेशीच्या हातांना बांधलेले बारीक धागे ओढतो, आणि हाडाचा नगण्य ताण पेशीपाशी कितीतरी पट मोठा होऊन पोचतो.

निरोप मिळाल्यावर ऑस्टिओसाइट जे करते त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. एरवी ती स्क्लेरोस्टिन नावाचं प्रोटीन सोडत असते, ज्याचं काम नवं हाड बांधणाऱ्या पेशींना रोखून धरणं. भार आला की ती स्क्लेरोस्टिन कमी करते आणि बांधकाम सुटं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसात उलट होतं, स्क्लेरोस्टिन वाढतं. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्याने उतरतं ते याच कारणाने: तिथे पाऊलच पडत नाही.

## मग जितका जास्त भार तितकं जास्त हाड, असं नाही का?

नाही. भरतीच्या तयारीत सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच.

१९८४ साली रुबिन आणि लॅन्यन यांनी कोंबड्याच्या पंखातल्या एका हाडाला यंत्राने मोजून भार दिला. दिवसाला फक्त ४ वेळा भार दिला तरी हाडाची झीज थांबली. ३६ वेळा, म्हणजे जेमतेम ७२ सेकंद, भार दिल्यावर हाड वाढलं. पण ३६० वेळा किंवा १८०० वेळा देऊनही ३६ पेक्षा जास्त काही मिळालं नाही. त्याच जोडीने दुसऱ्या प्रयोगात भार देऊन तो तसाच ठेवला, उचललाच नाही. हाडाने त्याची दखलही घेतली नाही. जपानी संशोधकांनी १९९७ साली उंदरांना उड्या मारायला लावल्या. दिवसाला ५ उड्यांनी हाड स्पष्ट वाढलं. १०० उड्यांनी त्याच्या मानाने फारसं जास्त नाही.

कारण वर आलंच आहे. वाहिनी मिटते, आत आलेलं कॅल्शियम पेशी बाहेर काढते, आणि काही डझन ठोक्यांनंतर तिला पुढचे ठोके ऐकूच येत नाहीत. द्रवाचंही तसंच: ओझं डोक्यावर घेऊन स्थिर उभं राहिलं तर द्रव एकदा सरकतो आणि थांबतो. ऐकण्याची ताकद परत यायला किती वेळ लागतो? २००१ साली रॉब्लिंग, बर आणि टर्नर यांनी उंदरांत मोजलं तेव्हा पूर्ण ताकद यायला सुमारे ८ तास लागले. तेवढेच ठोके एकदम देण्यापेक्षा दिवसभरात चार हप्त्यांत विभागून दिले तर हाड जास्त बांधलं गेलं.

उंदराचे तास माणसाला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे. हाडासाठी सकाळी १५-२० जोरदार उड्या आणि संध्याकाळी तेवढ्याच, हे एका दमात दोनशे मारण्यापेक्षा शहाणपणाचं. पळण्याचा सहावा-सातवा किलोमीटर दमसास वाढवतो. हाडाच्या कानावर तो पडतच नाही. हाडाच्या हिशोबात तो जमेला नाही, खर्चाला लागतो.

## नडगीचं काय बिघडतं?

प्रत्येक पावलाने हाडात अतिसूक्ष्म चिरा पडतात. सगळ्यांनाच पडतात, त्यात आजार काही नाही. चीर गेली की वाटेतल्या ऑस्टिओसाइटचे हात तुटतात, ती मरते, आणि भोवतालच्या पेशी ‘इथलं खराब झालंय, काढा’ असा निरोप सोडतात. हाड खाणाऱ्या पेशी येतात आणि खराब भागात बोगदा पाडतात. त्यांच्या मागून बांधणाऱ्या पेशी येऊन तो भरत जातात.

क्रम बघा: आधी खोदकाम, मग बांधकाम. एका जागेचं खोदकाम साधारण तीन आठवड्यांत आटोपतं. भरायला साधारण तीन महिने लागतात. पळणं एकदम वाढवलं की चिरा वाढतात, एकाच वेळी अनेक ठिकाणी बोगदे पाडले जातात, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून काही काळ हाड पोकळ पडतं. त्याच सुमाराला पोराचा दम वाढलेला असतो, वेळ सुधारलेली असते, म्हणून तो आणखी जोरात पळतो. उरलेल्या हाडावर जास्त ताण, आणखी चिरा, आणखी खोदकाम. यातून जे होतं ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पडझड किंवा मार न लागता केवळ पुनःपुन्हा पडणाऱ्या भाराने हाडाला गेलेली चीर.

हा सैनिकांचा जुना आजार आहे. प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली कूच करून पाय सुजलेल्या जवानांचं वर्णन केलं, एक्स-रेचा शोध लागण्याच्या ४० वर्षं आधी. इस्रायलच्या सैन्याने प्रशिक्षणात दोन गोष्टी सक्तीच्या केल्या: किमान सहा तास झोप आणि एकूण चालण्याच्या अंतराला आळा. स्ट्रेस फ्रॅक्चर निम्म्याहून जास्त घटले. तिथल्याच अभ्यासात आणखी एक उपयोगी गोष्ट निघाली: भरतीआधी दोन वर्षं तरी बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ खेळलेल्या मुलांना हा त्रास कमी झाला, नुसतं पळणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. सरळ रेषेत पळताना हाड एकाच तऱ्हेने वाकतं. उड्या, वळणं, एकदम थांबणं यांत ते नाना तऱ्हेने वाकतं आणि पेशीला नवनवा बदल मिळतो. त्या हिशोबाने खो-खो आणि कबड्डी खेळत वाढलेलं पोरगं नुसत्या पळणाऱ्यापेक्षा जास्त तयारीने मैदानात उतरतं, असं माझं मत.

निरोप पोचला तरी माल नसेल तर बांधकाम होत नाही. अमेरिकन नौदलातल्या महिला प्रशिक्षणार्थींना रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चर २० टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २००८ चा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेव्हा सकाळची आंबील काही उगाच नव्हती. पण खरा घात होतो तो अर्धपोटी पळण्याने. वजन उतरवायचं म्हणून जेवण तोडलेल्या मुलीची पाळी लांबली किंवा थांबली, तर ते ‘व्यायामाने होतं’ म्हणून सोडून देऊ नये. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालेलं असतं, आणि ते कमी झालं की खोदकाम जोरात आणि बांधकाम मंद. त्या अवस्थेत पळणं वाढवणं म्हणजे हाड मोडायला बोलावणं.

## साधं दुखणं कोणतं आणि चीर कोणती?

पलंगावर बसून नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा घोट्याकडून वर दाबत न्यावा. पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा सरसकट दुखत असेल, पळायला लागल्यावर दुखणं थोडं कमी होत असेल आणि आराम केल्यावर जात असेल, तर बहुधा हाडाच्या वरच्या आवरणावर आलेला ताण आहे. पळणं निम्म्यावर आणावं, डांबरी रस्ता सोडून मातीत पळावं, आणि दोन आठवडे बघावं.

पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबलं की माणूस कळवळत असेल, पळताना दुखणं वाढतच जात असेल, त्याच पायावर एक उडी मारता येत नसेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर ती चीर समजूनच वागावं. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नये. पहिले दोन-तीन आठवडे त्यात काही दिसत नाही, कारण चिरेभोवती नवं हाड धरायला लागल्यावरच ती जागा एक्स-रेवर उठून दिसते. एमआरआयमध्ये मात्र लवकर कळतं.

दोन जागा धोक्याच्या. एक, नडगीच्या पुढच्या धारेचा मधला भाग. हाड वाकताना तिथे ओढ बसते, त्यामुळे चीर मिटायला महिनोन्‌महिने लागतात. दुसरी, जांघ. पळताना जांघेत खोल दुखत असेल तर खुब्याच्या मानेला चीर असू शकते. ती सरकली तर ऑपरेशन अटळ. तिथे ‘बघू दोन आठवडे’ नाही. पाय न टेकवता त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

आणि चोळायचं नाही. चिरेवर तेल लावून रगडल्याने निरोप सुधारत नाही, बिघडतो. याचं सगळ्यात वाईट उदाहरण कोपराचं: मार लागलेल्या कोपराला जोरात मालिश केली तर दुखावलेल्या स्नायूतल्या पेशी हाड बनवायला लागतात आणि कोपर कायमचं आखडू शकतं. हाडाच्या डॉक्टरांच्या ओपीडीत अशी लहान मुलं आजही येतात.

## मोडलेलं हाड तर प्लास्टर घालून गप्प ठेवतात, त्याचं काय?

पूर्ण गप्प ठेवत नाहीत, आणि ठेवूही नये. मोडलेल्या टोकांमधल्या फटीच्या मानाने टोकं किती हलतात, यावर तिथल्या पेशी काय बनतात ते ठरतं. हा विचार स्विस शल्यविशारद पेरेन यांनी मांडला. हालचाल फटीच्या २ टक्क्यांच्या आत असेल तर थेट हाड बनू शकतं. २ ते १० टक्क्यांत आधी कूर्चा, म्हणजे मऊ, लवचिक हाड, आणि मग पक्कं हाड, म्हणजे एक्स-रेत दिसणारी गाठ धरते. त्याहून बरीच जास्त हालचाल झाली तर पेशी नुसता तंतुमय पडदा विणत बसतात आणि हाड जुळत नाही. एक मिलिमीटरच्या फटीत दशांश मिलिमीटर हालचाल म्हणजे १० टक्के झाली. तीच हालचाल दहा मिलिमीटरच्या फटीत एकच टक्का. म्हणून एकाला ‘पाय टेकू नका’ आणि दुसऱ्याला ‘काठी घेऊन थोडा भार द्या’ असं सांगितलं जातं. शेजाऱ्याला काय सांगितलं ते बघून आपला पाय टेकवू नये.

याच तत्त्वाचा कळस म्हणजे इलिझारोव्हची रिंग. मिरजेच्या एखाद्या हाडांच्या वॉर्डात पायाभोवती पोलादी कड्या आणि आरपार तारा घातलेला रुग्ण दिसतो, ती हीच. सायबेरियातल्या कुर्गान इथे गाव्ह्रील इलिझारोव्ह यांनी ही पद्धत उभी केली. हाड बेताने कापतात, पाच ते सात दिवस थांबतात, मग रिंगमधले नट फिरवून दोन टोकं रोज एक मिलिमीटर दूर नेतात, तेही एकदम नाही. नटच्या पूर्ण फेऱ्याला एक मिलिमीटर अंतर पडतं, म्हणून दर सहा तासांनी पाव फेरा, दिवसात चार वेळा. फटीतल्या पेशींना सतत हलकी ओढ मिळते आणि त्या मध्ये नवं हाड भरत जातात. दिवसाला दोन मिलिमीटर नेलं तर हाडाऐवजी तंतू भरतात. अर्धा मिलिमीटर नेलं तर हाड मुदतीआधीच जुळून बसतं आणि पाय लांबायचा थांबतो. रात्रीचा पाव फेरा चुकला म्हणून सकाळी दोन एकदम फिरवू नयेत, डॉक्टरांना विचारावं. अंतर पूर्ण झाल्यावरही हाड पक्कं व्हायला रिंग ठेवावी लागते, एकूण हिशोब सेंटिमीटरमागे महिना-दीड महिन्याचा. तारेच्या तोंडाशी लाली, पू किंवा वाढती कळ आली तर तेही लपवायचं नाही.

## पळून गुडघे झिजतात म्हणतात ते?

हौसेने पळणाऱ्यांत नाही. २०१७ साली अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला. गुडघा किंवा खुब्याची झीज हौशी धावपटूंत ३.५ टक्के, अजिबात न पळणाऱ्यांत १०.२ टक्के, आणि स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं पळणाऱ्यांत १३.३ टक्के दिसली. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते पळायला जातच नाहीत, त्यामुळे पहिल्या दोन आकड्यांतला सगळा फरक पळण्याच्या खाती टाकता येणार नाही. पण कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, दाबली-सोडली गेली तरच तिच्यात द्रव खेळतो आणि पेशींना खाद्य मिळतं, हेही तितकंच खरं. ऊसतोड कामगाराचा गुडघा वेगळ्या कारणाने जातो: तासन्‌तास वाकणं, उकिडवं बसणं आणि मोळी घेऊन चढणं. तिथे सोडणं नाहीच, फक्त दाबणं.

## हा निरोप गोळीतून देता येणार नाही का?

अर्धामुर्धा देता येतो. स्क्लेरोस्टिनला अडवणारं रोमोसोझुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१९ पासून वापरात आहे. पाळी गेल्यानंतर ज्या स्त्रियांचं हाड फार ठिसूळ झालंय त्यांच्यासाठी ते महिन्यातून एकदा, वर्षभर देतात. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन वर्ष झालं नसेल तर देत नाहीत. तरण्या पोरांच्या नडगीसाठी ते नाही.

पायझो-१ उघडणारं योडा-१ नावाचं रसायनही २०१५ पासून प्रयोगशाळेत वापरतात. पण ही वाहिनी फक्त हाडातच असती तर गोष्ट सोपी होती. ती तांबड्या रक्तपेशींत आहे; तिथे जन्मतः जास्त वेळ उघडी राहिली तर पेशीतलं पाणी निघून जातं, पेशी सुकतात आणि एक आनुवंशिक रक्तक्षय होतो. ती रक्तवाहिनीच्या अस्तरातही आहे. तिथे वाहतं रक्त घासून गेलं की अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून रक्तवाहिनी सैल करतात. सरळ वाहत्या भागात हा निरोप नीट मिळतो, फाट्यावर आणि वळणावर प्रवाह घुटमळतो, आणि चरबीचे थर बसतात ते नेमके अशा जागी. अख्ख्या शरीरात एकाच वेळी हे भोक उघडणारी गोळी कोण घेईल?

## चीर निघालीच, तर परत मैदानात कधी?

नडगीच्या आतल्या कडेची साधी चीर असेल तर पळणं साधारण सहा ते आठ आठवडे बंद. तोवर सायकल किंवा पोहणं चालतं. दम टिकतो, हाडाला मात्र त्यातून काही मिळत नाही, हे धरून चालावं. अर्धा तास झपाझप चालून दुखत नाही आणि त्या जागी दाबल्यावरही दुखत नाही, असे सलग दहा-बारा दिवस गेले की सुरुवात करावी: एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं, एक दिवस आड. दर आठवड्याला पळण्याचा एक मिनिट वाढवायचा. आधी अंतर वाढवायचं, वेग नंतर, उतार सगळ्यात शेवटी. एकाच आठवड्यात यातल्या दोन गोष्टी वाढवायच्या नाहीत. जुन्या जागी पुन्हा टोचलं तर दोन दिवस थांबून मागच्या आठवड्याच्या पायरीवर यायचं. भरतीची तारीख तीन आठवड्यांवर असेल, तर ती यंदा जाऊ द्यायची. पुढच्या भरतीला पाय लागणारच आहे.